साखर आटोक्यात आणायचीय? आधी मोजमाप, मग ताट, पावडरी सगळ्यात शेवटी

मधुमेहाचं निदान झालं की घरात एकाच आठवड्यात सगळं सुरू होतं. सकाळी मेथीचं पाणी, मग कारल्याचा रस, दुपारचा भात बंद, संध्याकाळी कुणीतरी सुचवलेली पावडर, आणि ‘आता पथ्य पाळतोय ना’ म्हणून परस्पर अर्धी केलेली गोळी. पंधरा दिवसांनी साखर उतरली तर कशाने उतरली ते कळत नाही. चढली तर दोष कशाचा, तेही कळत नाही. मग बरेच जण कंटाळून सगळंच सोडून देतात. यात कष्ट कमी पडत नाहीत, क्रम चुकतो. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे आणि त्याच क्रमाने तो वापरावा.

आहाराने साखर सुधारते का? हो, चांगलीच सुधारते. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ या चाचणीत वैद्यकीय देखरेखीखाली, ठरावीक कमी उष्मांकाच्या आहारावर वजन उतरवलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर वर्षअखेर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली होती. ज्यांचं वजन १५ किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. ही मंडळी निदान होऊन सहा वर्षांच्या आतली होती आणि इन्सुलिनवर नव्हती, हेही लक्षात ठेवा. सप्लिमेंटची गोष्ट वेगळी. शरीरात कमतरता नसताना केवळ साखरेसाठी जीवनसत्त्वं, खनिजं किंवा वनस्पतींच्या गोळ्या घ्याव्यात, अशी शिफारस अमेरिकन डायबिटीस असोसिएशन करत नाही. काहींचा थोडा उपयोग होतो, पण तो ताट सुधारल्यानंतर.

हा लेख कोणासाठी नाही: टाइप १ मधुमेह, गरोदरपण, डायलिसिस किंवा बरंच पुढे गेलेला मूत्रपिंडाचा आजार. या तिन्हींत आहाराचे नियम वेगळे असतात, ते तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

## टप्पा १: गोळ्यांची पाकिटं पुढ्यात घ्या

ताटाला हात लावण्याआधी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडा आणि पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीचं नाव. आपल्याला हवं आहे ते औषधाचं नाव. एकाच गोळीत दोन किंवा तीन औषधं असणं आपल्याकडे अगदी नेहमीचं आहे. सगळी नावं वहीत उतरवून घ्या, कारण आहार कमी केल्यावर कोणतं औषध काय करेल ते या नावांवर ठरतं.

- मेटफॉर्मिन एकटंच असेल तर साखर एकदम घसरण्याची भीती फार कमी.
- ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन असेल तर खबरदारी हवी. खाणं निम्मं केलं आणि डोस तोच राहिला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.
- डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन हा गट साखर लघवीवाटे बाहेर टाकतो. यावर असताना कडक उपवास किंवा जवळजवळ बिनकर्बोदकांचं जेवण केलं, तर मीटरवर साखर फारशी जास्त न दिसताही रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर प्रकार होऊ शकतो. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर थेट रुग्णालयात जा आणि या गोळीचं नाव सांगा.
- व्होग्लिबोज, अकार्बोज यांच्याबद्दल पुढे साखर घसरण्याच्या इशाऱ्यात लिहिलं आहे, ते चुकवू नका.

ही यादी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा: ‘मी भाकरी-भात कमी करणार आहे. माझ्या कोणत्या गोळीचा डोस बदलावा लागेल आणि मीटरवर किती आकडा आला की तुम्हाला फोन करू?’ अनेकदा डॉक्टरच डोस आधी कमी करून देतात. डोस स्वतःहून अर्धा करणं ही या सगळ्या प्रवासातली सगळ्यात महाग पडणारी चूक आहे.

त्याच भेटीत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, शिवाय हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. डोळ्याच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर तीही घ्या, कारण पडद्यावर आधीच दोष असेल आणि साखर झपाट्याने उतरली तर तो दोष काही काळ वाढू शकतो.

इशारा, साखर घसरली तर: घाम, थरथर, छातीत धडधड, अचानक चिडचिड किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर मीटर लावा. आकडा ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे ३ ते ४ छोटे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल तर साधी साखर, पेढा, बिस्किट यांवर विसंबू नका. साध्या साखरेचं आतड्यात होणारं विघटनच ही औषधं रोखतात, त्यामुळे आराम उशिरा पडतो. घरात ग्लुकोज पावडर हवीच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णालय गाठा.

## टप्पा २: मोजायचं नीट शिकून घ्या

मीटर घरोघरी आला आहे, पण चुकीच्या आकड्यावर घेतलेले निर्णयही तितकेच दिसतात.

१. हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. आंबा कापून, चिक्कू सोलून तसंच बोट टोचलं तर फळाची साखरच मोजली जाते.
२. बोटाच्या टोकाला मधोमध नको, कडेला टोचा. कमी दुखतं.
३. थेंब येण्यासाठी बोट पिळू नका. हात खाली सोडून थोडा हलवा.
४. पट्टीची डबी लगेच घट्ट बंद करा. कोकणात आणि पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या मुदतीआधीच बिघडतात.
५. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजा, हात धुतल्यापासून नाही.

मीटरच्या अचूकतेचं आंतरराष्ट्रीय मानक १०० च्या वरच्या आकड्यांसाठी १५ टक्के इकडेतिकडे चालवून घेतं. म्हणजे खरी साखर १५० असेल तर मीटर १२८ ही दाखवेल आणि १७२ ही. तेव्हा काल १४२, आज १५० म्हणून हळहळू नका. आकड्यांचा कल पाहायचा असतो. मीटर एकच ठेवा, आणि जेवणानंतरचा बोटाचा आकडा लॅबमधल्या शिरेच्या रक्तापेक्षा थोडा जास्त येतो हे धरून चाला.

बहुतेक प्रौढांसाठीचं सर्वसाधारण लक्ष्य असं: उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत, एचबीए१सी ७ च्या आत. वय जास्त असेल किंवा साखर वारंवार घसरत असेल तर डॉक्टर हे सैल करतात. तुमचं लक्ष्य त्यांच्याकडून लिहून घ्या.

नेहमीची चूक: लॅबमध्ये ‘फास्टिंग-पीपी’ (उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर) करायच्या दिवशी मुद्दाम हलकं खाणं. रोज दोन भाकऱ्या आणि भात, आणि तपासणीच्या दिवशी एक इडली! रिपोर्ट छान येतो, पण तो त्या इडलीचा असतो. त्या दिवशी नेहमीचं जेवण जेवा, आणि डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर गोळीही जेवणाबरोबर नेहमीसारखी घ्या.

## टप्पा ३: पहिला आठवडा काहीही बदलू नका

हे सगळ्यांना जड जातं, पण हाच आठवडा पुढच्या सगळ्याचा पाया आहे. नेहमीसारखं खा आणि लिहा. दिवसातून एका जेवणाची जोडी मोजा: खाण्याआधी एकदा, पहिल्या घासानंतर दोन तासांनी एकदा. दोन दिवस नाश्ता, दोन दिवस दुपारचं जेवण, दोन दिवस रात्रीचं. पट्ट्या महाग पडतात, म्हणून एका दिवशी एकच जोडी पुरे.

नमुन्यादाखल वहीची एक ओळ अशी दिसेल:

> सोमवार, नाश्ता. पोहे मोठी बशी भरून, चहा २ चमचे साखरेचा. आधी १३८. दोन तासांनी २३१. वाढ ९३.

‘पोहे’ एवढंच लिहू नका, किती ते लिहा. वाढीचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्या खाण्याने काय केलं ते तोच सांगतो. आठवडा संपला की सगळ्यात मोठ्या वाढीचं जेवण लाल पेनाने खुणवा. काम तिथून सुरू करायचं आहे.

उपाशीपोटीचा आकडा मात्र हट्टी असतो. रात्री काही न खाताही सकाळी साखर चढलेली दिसते, कारण पहाटे यकृत साठवणीतली साखर रक्तात सोडतं. ती पाहून रात्रीचं जेवण तोडू नका. जेवणानंतरचे आकडे सहसा आधी सुधारतात, सकाळचा आकडा वजन उतरू लागल्यावर मागून येतो.

## टप्पा ४: पहिली कात्री चहाला आणि मधल्या खाण्याला

इथे कमी त्रासात मोठा फरक पडतो, म्हणून हे ताटाच्या आधी.

दिवसाला चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे, साधारण ३५ ते ४० ग्रॅम. एवढी साखर कोणी ताटात वाढली तर आपण दचकू. आठवड्याला अर्धा चमचा उतरवत गेलं तर महिन्याभरात जीभ सरावते. गुळाचा चहा हा उपाय नाही. गूळ, मध, खडीसाखर, काकवी रक्तात साखरच होतात. गुळात लोह असतं हे खरं, पण ते मिळवायला चमच्या-चमच्याने साखर चढवणं परवडणारं नाही.

खारी, टोस्ट, बटर, मारी बिस्किट हे सगळं मैदा आहे. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटातही मैदा तोच असतो. पुडा उलटा करून ‘एकूण कर्बोदकं’ ही ओळ वाचा, पुढच्या बाजूची जाहिरात वाचू नका. मधल्या वेळी मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, एक वाटी ताक, काकडी, उकडलेलं अंडं. फळ हवं तर अख्खं चावून, रस काढून नाही.

पडताळणी: दहा दिवसांनी लाल खुणेच्या जेवणाची जोडी पुन्हा मोजा. वाढ कमी झाली का? लिहून ठेवा आणि मगच पुढे जा.

## टप्पा ५: ताट

आपल्या ताटातली अडचण गोडापेक्षा मोठी आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून, म्हणजे पिष्ट आणि साखरेतून येतात असं दिसलं. प्रथिनं फार कमी. साखर बंद केलेला माणूसही दोन भाकऱ्या, बटाट्याची भाजी, भात आणि पातळ वरण जेवतो तेव्हा ताटात जवळजवळ पिष्टच असतं.

### आधी पीठ तोला

‘भाकरी खाल्ली तर चालते’ हा समज मी सगळ्यात जास्त वेळा ऐकते. ज्वारीत गव्हाच्या मैद्यापेक्षा तंतू जास्त, हे बरोबर. पण भाकरी पिठाचीच असते आणि तिचा आकार कोणी पाहत नाही. स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्या. भाकरी थापण्याआधी परातीत एका भाकरीचं कोरडं पीठ वेगळं काढून तोला. चुलीवरची, हातभर मोठी भाकरी सहज ८० ग्रॅम पिठाची निघते. त्यात साधारण ५५ ग्रॅम कर्बोदकं. एका फुलक्याला २५ ते ३० ग्रॅम कणीक लागते, म्हणजे जवळपास २० ग्रॅम कर्बोदकं. थोडक्यात, त्या एका भाकरीत अडीच-तीन फुलके बसतात. दोन भाकऱ्या खाणारा माणूस ‘मी पोळी सोडली’ म्हणतो आणि साखर का उतरत नाही हे त्याला उमगत नाही.

तोलून झालं की ५० ग्रॅम पिठाची भाकरी थापायला लागा. आठ दिवस काटा वापरला की हाताला अंदाज येतो. भाताचंही तसंच: शिजलेला १०० ग्रॅम भात म्हणजे सुमारे २८ ग्रॅम कर्बोदकं. एकदा वाटीने मोजून पाहा, तुमची वाटी केवढी ते समजेल. नाचणी, बाजरी, ‘मल्टिग्रेन’ आणि ‘डायबेटिक’ आटा यांना हाच नियम. नाव बदललं म्हणून पीठ मोजायचं टळत नाही.

### मग ताटाची मांडणी

अर्धं ताट भाज्या आणि कोशिंबीर, पाव ताट प्रथिनं, पाव ताट धान्य. बटाटा, रताळं, सुरण धान्याच्या वाट्यात मोजा, भाजीच्या नाही. बटाट्याची भाजी केली त्या दिवशी पोळी एक कमी.

प्रथिनांचा पाव भाग भरणं शाकाहारी घरात खरोखर अवघड असतं, म्हणून यावर थोडा वेळ घालवा. वाटीभर पातळ वरणात प्रथिनं जेमतेम असतात. वरण घट्ट करा, वाटी दीड करा आणि तेवढ्यापुरता भात कमी करा. मटकी, मूग, चवळी, हरभरा यांची उसळ रोज एका जेवणात हवी. पिठलं-झुणका चांगलाच, पण बेसनातही निम्मी कर्बोदकं असतात, म्हणून झुणका असेल तेव्हा भाकरी अर्धी. दही, पनीर, अंडी, मासे खाणाऱ्यांना हे सोपं जातं: दोन अंड्यांत १२ ग्रॅमच्या आसपास, १०० ग्रॅम माशात १८ ते २० ग्रॅम प्रथिनं. बांगडा तळण्यापेक्षा थोड्या तेलावर भाजा. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

शेंगदाण्याची, जवसाची चटणी उत्तम, पण चमचाभर. तेल आणि दाणे साखर थेट चढवत नाहीत, वजन मात्र चढवतात, आणि वजन तर उतरवायचं आहे.

### आणि खाण्याचा क्रम

आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी-भाजी, भात सगळ्यात शेवटी. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ मध्ये झालेल्या छोट्या अभ्यासात भाज्या आणि प्रथिनं आधी खाल्ल्यावर तासाभरानंतरची साखर, तेच पदार्थ कर्बोदकं आधी घेऊन खाल्ले त्यापेक्षा ३७ टक्क्यांच्या आसपास कमी आली. माणसं फक्त अकरा होती, म्हणून याला शेवटचा शब्द समजू नका. पण खर्च काहीच नाही आणि तुमचा मीटर दोन दिवसांत सांगेल की तुम्हाला लागू पडतं का.

इशारा: एका आठवड्यात एकच बदल. पोहे निम्मे केले आणि सोबत मटकीची वाटी घेतली, तर तोच नाश्ता दोनदा मोजा. वर दिलेल्या नमुन्यातली ९३ ची वाढ ४०-५० वर आली तर बदल पक्का. नाही आली तर पोहे अजून कमी करा किंवा त्या दिवशी अंडं-भाजी खाऊन पाहा. शेजारच्यांना काय चाललं हे इथे फारसं उपयोगाचं नाही. त्याच पोह्यांनी दोन माणसांची साखर वेगवेगळी चढते.

आंब्याचं विचारलं जातंच, म्हणून: एका मध्यम हापूसच्या गरात साधारण एका फुलक्याएवढी कर्बोदकं असतात. फुलका काढा, आंबा घ्या, जोडी मोजा. जेवणावर वाटीभर आमरस आणि सोबत पुऱ्या, हे मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही.

## टप्पा ६: जेवणानंतर दहा मिनिटं

प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चाला. न्यूझीलंडमधल्या २०१६ च्या अभ्यासात दिवसातून कधीही एकदा ३० मिनिटं चालण्यापेक्षा तीन जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर १२ टक्के कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्के. गच्चीवर, गॅलरीत, सोसायटीच्या आवारात, कुठेही चालेल. पायाला जखम किंवा बधिरपणा असेल तर अनवाणी चालू नका आणि आधी पाय डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा ७: चतुर्थी, एकादशी आणि नवरात्र

महिनाभर नीट चाललेली वही उपवासाच्या दिवशी कोलमडते. साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे. भगर, रताळं, बटाट्याचा कीस यांतही पिष्टच जास्त. उपवास करायचाच असेल तर दही, ताक, शेंगदाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, पनीर यांवर भर ठेवा आणि भगर किंवा राजगिरा अर्ध्या वाटीवर थांबवा. साबुदाण्याची खिचडी चवीपुरती दोन-चार चमचे.

इशारा: ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निर्जळी करू नका. डॅपाग्लिफ्लोझिनच्या गटावर असाल तरीही नाही. उपवासाच्या दिवशीच्या डोसचं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. नवरात्राचे नऊ दिवस असतील तर हे विचारणं अगदी गरजेचं आहे.

## टप्पा ८: आता सप्लिमेंट

ताट किमान सहा आठवडे स्थिर झाल्याशिवाय इथे येऊ नका. त्याआधी सुरू केलं तर फरक ताटाचा की पावडरचा, कधीच कळणार नाही. एका वेळी एकच सुरू करा, तीन-चार आठवडे द्या, त्याच जेवणाच्या जोड्या मोजा. फरक दिसला नाही तर बंद.

बी-१२. हे साखर उतरवत नाही, तरी यादीत पहिलं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ घटू शकतं, शाकाहारी माणसात आणखी. पायांची जळजळ, मुंग्या मधुमेहाच्याच म्हणून सोडून दिल्या जातात आणि मूळ कमतरता तशीच राहते. तपासा आणि कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढं घ्या.

मेथ्या आणि इसबगोल. दोन्हींतला विरघळणारा तंतू साखरेचं शोषण मंदावतो. उपयोग आहे, बेताचा. नुसतं मेथीचं पाणी पिऊन दाणे फेकून देणं ही नेहमीची चूक, कारण तंतू दाण्यात असतो. एक चमचा मेथ्या रात्री भिजवून सकाळी दाण्यांसकट चावून खा आणि पोट सोसेल तसं दोन चमच्यांवर जा. इसबगोल भरपूर पाण्यातून घ्या. इतर गोळ्या आणि हे यांत किमान दोन तासांचं अंतर, थायरॉइडच्या गोळीशी चार तासांचं. गरोदरपणात आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असाल तर मेथीचा मोठा डोस विचारल्याशिवाय नको.

कारलं, जांभळाच्या बियांची पूड, गुडमार. अभ्यासांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. कारल्याची भाजी जरूर खा, भाजी म्हणून. रस किंवा पूड ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनसोबत घेतली तर साखर घसरू शकते, म्हणून त्या काळात मीटर जास्त वेळा लावा.

इशारा: दुधीचा रस चवीला कडू लागला तर एक घोटही पुढे पिऊ नका. कडू दुधीतलं द्रव्य विषारी असतं, त्याने जिवावर बेतल्याच्या घटना आहेत. दुधी आणि कारलं एकत्र करून रस तर कधीच काढू नका, कारण दुधी कडू आहे हे कारल्याच्या कडूपणात कळतच नाही.

दालचिनी. बाजारात जाड सालीची कॅशिया जास्त मिळते, तिच्यातलं कुमारीन जास्त प्रमाणात यकृताला बाधतं. मसाल्यात हरकत नाही. रोज चमचा-चमचा पूड घेऊ नका.

ड जीवनसत्त्व, क्रोमियम, मॅग्नेशियम. कमतरता असेल तर भरून काढा. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना रोज ४००० युनिट ड जीवनसत्त्व देऊन पाहिलेल्या २०१९ च्या मोठ्या चाचणीत मधुमेह टळण्याचं प्रमाण खात्रीने वाढल्याचं दिसलं नाही.

बर्बेरीन. दारुहळदीसारख्या वनस्पतींतून मिळणारं हे द्रव्य साखर थोडी उतरवतं, पण यकृतात इतर औषधांचं पचन बदलतं आणि जुलाब लावतं. दोन-तीन औषधं चालू असणाऱ्याने हे स्वतःहून घेऊ नये.

विकत घेताना एक खूण पक्की धरा. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात दिसली तर ती वस्तू घेऊ नका. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी औषधांची जाहिरात भारतात १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्याने प्रतिबंधित आहे, म्हणजे विकणारा कायदा मोडूनच तुमच्यापर्यंत आला आहे. बिनलेबलच्या पुडीने आठवड्यात साखर एकदम उतरली तर हुरळून जाऊ नका. अशा काही चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखं ॲलोपॅथीचं औषध मिसळलेलं सापडलं आहे, आणि काहींत शिसं-पारा. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडच्या तपासणीआधी लॅबला सांगा, रिपोर्ट चुकू शकतो. क जीवनसत्त्वाचा मोठा डोस काही मीटरचा आकडा फसवा वाढवतो.

## टप्पा ९: तीन महिन्यांनी एचबीए१सी

एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्यामुळे महिन्याभरात ते पुन्हा करून उपयोग नाही. तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये करा.

रिपोर्ट वहीशी जुळतो का पाहा. घरचे आकडे चांगले आणि एचबीए१सी वाढलेलं असेल तर हिमोग्लोबिन तपासा: लोहाच्या कमतरतेचा अशक्तपणा एचबीए१सी खोटं वाढवून दाखवतो, आणि बायकांमध्ये हे फार दिसतं. उलट नुकताच रक्तस्राव झाला असेल किंवा रक्त चढवलं असेल तर ते खोटं कमी येतं. विदर्भात, नंदुरबारकडे ज्यांच्या घरात सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) आहे त्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. त्यांच्यासाठी फ्रुक्टोसामाइनसारखी दुसरी तपासणी करता येते.

या भेटीला तीन गोष्टी न्या: जोड्यांची वही, आधीचं आणि आताचं वजन, आणि घेत असलेल्या प्रत्येक पावडर-गोळीची डबी. मेथ्या आणि काढेही त्यात आले, ‘ते काय, घरगुतीच आहे’ म्हणून वगळू नका. मग विचारा, कोणती गोळी कमी करता येईल आणि कमी केल्यावर किती दिवस रोज मोजायचं.

तीन महिन्यांची वाट न पाहता आधीच जायचं ते यासाठी: लागोपाठ दोनदा ३०० च्या वर आकडा, थांबत नसलेल्या उलट्या, काही न करता झपाट्याने उतरणारं वजन, आठवड्यातून एकाहून जास्त वेळा ७० च्या खाली गेलेली साखर, किंवा पायाची न भरणारी जखम.